खालची खोली विकू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा वाफेच्या धुलाई कारखान्यात इस्त्रीकाम, सध्याचा धंदा औषधे वेळेवर घेणे, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे या कागदावर नक्की करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, हे करू नये म्हणून माझ्या मुलाने पुष्कळ प्रयत्न केले; हे माझ्याच इच्छेने होत आहे याचा तोच मोठा पुरावा मानावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असेन तर ते रागात किंवा लोभात केलेले असेल. ते धरू नये.

कलम १. मिळकत

माझ्या नावावर एकच घर आहे. त्याच्या पूर्वेला पत्र्याचे डबे करणाऱ्याचे दुकान, पश्चिमेला गल्ली, उत्तरेला छापखान्याची मागची भिंत, दक्षिणेला सार्वजनिक नळ. खाली एक मोठी खोली व तिच्यामागे एक लहान खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची. घर वडिलोपार्जित नाही. यजमानांनी आणि मी ते बांधवून घेतले. मागची भिंत तर आम्ही दोघांनी स्वतः रचली आणि ती थोडी बाहेर झुकलेली आहे, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. यजमानांनी आपला हिस्सा मला लिहून दिला होता, म्हणून ते गेल्यावर घर माझ्या एकटीचे झाले.

कलम २. खालची मोठी खोली

ही खोली मी कामकरी बायकांच्या पाळणाघर मंडळाला कायमची देते. ती विकू नये, गहाण टाकू नये, गोदामाला भाड्याने देऊ नये. ज्यांच्या कामावर मुलांसाठी खोली नाही अशा बायकांची मुले आज तिथे असतात; तिचा कारभार आज जी पाहते तिनेच पाहावा. मुले तिला ताई म्हणतात, मुलांच्या आयाही ताईच म्हणतात. ती कारखान्यातल्या माझ्या जोडीदारणीची, लांबडीची मुलगी.

कारण लिहिण्याची गरज नाही असे वकीलबाई म्हणाल्या. मला आहे. उद्या कोणी कोर्टात गेले तर न्यायाधीशांना हे निदान एकदा वाचावे लागेल.

आमच्या कारखान्यात इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. इस्त्रीचे यंत्र म्हणजे वाफेने तापलेले मोठे रूळ. दोघींनी अलीकडून ओली चादर घालायची, दोघींनी पलीकडून कोरडी धरायची. अलीकडे मी आणि लांबडी. ती माझ्याहून हातभर उंच होती म्हणून लांबडी. तिचे खरे नाव हजेरीच्या वेळी मुकादम घ्यायचा, तेव्हा तीसुद्धा क्षणभर थांबून मग ओ द्यायची.

मुले घरी असायची. कोणाची सासूकडे, कोणाची शेजारणीकडे. ज्यांना दोन्ही नव्हते त्या बाहेरून कडी घालून येत. लांबडीला दोन्ही नव्हते. सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा असे दोघांना आत ठेवून ती यायची. एके दिवशी सकाळी भाऊ रडत होता म्हणून मुलीने दूध तापवायला स्टोव्ह पेटवला. भावाच्या अंगरख्याने पेट घेतला. मुलीने दार वाजवले. कडी बाहेरून होती. शेजाऱ्यांनी उघडली तोवर उशीर झाला होता. ज्या इस्पितळात मुलाला नेले त्या इस्पितळाच्या चादरी आमच्याकडेच यायच्या.

लांबडी चार दिवसांनी कामावर आली. पहिल्यासारखीच चादर घालत होती. फक्त बोलत नव्हती. यंत्रांच्या आवाजात तसेही काही ऐकू येत नसे, त्यामुळे बऱ्याच जणींच्या ते लक्षात यायला वेळ लागला.

त्या मुलीला आजवर पुष्कळ जणांनी विचारले, दूध कशाला तापवायला गेलीस? यापुढे कोणी विचारू नये. विचारायचेच असेल तर कडीबद्दल विचारावे.

आम्ही बायका व्यवस्थापकांकडे गेलो. मुलांसाठी एक खोली मागितली. आवारात कोळशाच्या कोठाराशेजारी एक रिकामी होती, तीच द्या म्हटले.

ते म्हणाले, “हा कारखाना आहे, शाळा नाही. मुलं सांभाळणं ही तुमची जबाबदारी.”

मग युनियनच्या अध्यक्षांकडे गेलो. आमची वर्गणी पुरुषांइतकीच कापली जायची, तेव्हा जाण्याचा हक्क होता. अध्यक्षांनी पाणी दिले, बसायला बाक दिले. म्हणाले, “बायांनो, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण आधी पगारवाढीचं तडीला नेऊ. तुमचं नंतर बघू.”

तेव्हा लांबडी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणाली, “नंतर म्हणजे आणखी किती मुलांनंतर?”

अध्यक्षांनी आम्हाला दारापर्यंत पोचवले. ते चांगले वक्ते होते, पण त्या दिवशी नाही.

त्याच सुमारास स्त्री-सुधारणा मंडळाच्या बायका आमच्या वस्तीत यायच्या. दुधाच्या बाटल्या कशा उकळाव्यात, नखे कशी कापावीत, हे सांगायच्या. त्यांतल्या एक डॉक्टरांच्या पत्नी होत्या. त्या मनाने चांगल्या, पण उपदेशाची हौस दांडगी. आमची कहाणी ऐकून त्या कळवळून म्हणाल्या, “अगं, घरी ठेवता येत नसतील तर मुलांना सरळ कामावर घेऊन जा ना!” त्यांच्या दृष्टीने तो एकीने दुसरीला द्यायचा सल्ला होता. आम्हाला ती पडत्या फळाची आज्ञा वाटली.

ठरलेल्या सोमवारी आम्ही सगळ्या जणी आपापली मुले शालींखाली घेऊन गेटातून आत गेलो. चालणारी मुले हाताला धरून नेली. पहारेकऱ्याने पाहिले आणि तो बाजूला सरला. घड्या घालायच्या लांब टेबलांवर गरम चादरींचे ढीग होते. दोन ढिगांच्या मध्ये एकेक मूल ठेवले आणि कामाला लागलो. ऊब मिळाल्यामुळे बरीचशी झोपली. माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा. तो झोपला नाही. त्याने एका बड्या हॉटेलची पाठवायला तयार असलेली चादर ओली केली, आणि खालच्या दोन घड्यांपर्यंत ओल गेली. आज तो स्वच्छतेबद्दल फार काटेकोर आहे, म्हणून हे नोंदवून ठेवते.

व्यवस्थापक धावत आले. “हे काय चाललंय?”

मी म्हटले, “साहेब, मुलं सांभाळणं आमची जबाबदारी, असं तुम्हीच म्हणालात. सांभाळतोय.”

त्यांनी मुकादमाला मुले बाहेर काढायला सांगितले. मुकादम हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, “साहेब, कुणाचं पडलं-झडलं तर माझ्यावर यायचं.” हमाल पुढे आले नाहीत, कारकूनही आले नाहीत. शेवटी व्यवस्थापकांनी स्वतःच एक मूल उचलले. त्याने त्यांचा चष्मा पकडला आणि काही केल्या सोडेना. सगळा कारखाना पाहत होता. पलीकडच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसले, आणि मग कोणाला आवरले नाही. लांबडी हसली नाही. तिने पुढे होऊन मुलाच्या मुठीतून चष्मा सोडवला, मूल कडेवर घेतले आणि चष्मा साहेबांना परत दिला.

दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप होते. आम्हाला कामावरून बंद केल्याचा कागद लावला होता. तिथून पुढे बरेच आठवडे आम्ही गेटबाहेर बसलो. डॉक्टरांच्या पत्नीही येऊ लागल्या. मला असे म्हणायचे नव्हते, असे त्या प्रत्येकाला सांगत. पण हवालदार आम्हाला उठवायला आला तेव्हा छत्री आडवी धरून त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या, आणि तो निघून जाईपर्यंत त्याला नखे कापण्याविषयी सांगत होत्या.

कलम ३. वरच्या खोल्या

वरच्या दोन्ही खोल्या व गच्ची मी माझ्या मुलाला देते. त्या त्याच्या. त्याने राहावे, भाड्याने द्याव्यात किंवा विकाव्यात. खालच्या खोलीबद्दल आमचे जे बोलणे झाले ते असे:

“आई, खालची खोली देऊन टाकलीस तर बिल्डर घराकडे ढुंकूनही बघणार नाही.”

“म्हणूनच देते.”

“माझा काही विचार?”

“तुझ्या डोक्यावर छप्पर आहे, हातात धंदा आहे. ज्यांना नाही त्यांची पोरं खाली झोपतात.”

“लोक म्हणतील, आईनं मुलाला डावललं.”

“लोकांना वर बोलव. गच्ची मोठी आहे.”

तो वाईट माणूस नाही. दर रविवारी येतो, माझी औषधे आणतो, डब्यांवर चिकटपट्ट्या लावतो. त्याला दोन मजल्यांचे गणित कळते आणि त्यात मधला जिना आड येतो, एवढेच. त्याने या मृत्युपत्राला आव्हान दिले तर वरच्या खोल्याही मंडळाकडे जातील. हे वाक्य वकीलबाईंनी सुचवले. मी फक्त मान हलवली.

कलम ४. यजमानांची हत्यारे

पान्यांचा संच, पाइप कापायची करवत, पितळी झडपांचा डबा व दाबमापक ही हत्यारे नळाजवळ पंपदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या बाईला द्यावीत. हे काम ती यजमानांच्या हाताखाली शिकली. मुलाला ही हत्यारे भिंतीवर टांगायला हवी होती. हत्यारे टांगायची नसतात.

यजमान त्याच कारखान्यात बॉयलरवर होते. आमचे गेट बंद झाले तेव्हा पुरुषांचे चालूच होते. पगारवाढीचा करार तोंडाशी आला आहे, कोणी काम थांबवू नये, असा अध्यक्षांचा हुकूम होता. यजमान रोज सकाळी माझ्यासमोरून आत जायचे. जाताना माझ्याकडे पाहायचे नाहीत आणि घरी आल्यावर त्या विषयावर बोलायचे नाहीत. ते मुळातच कमी बोलायचे. लग्न ठरले तेव्हा माझ्या वडिलांना वाटले होते की मुलगा मुका आहे.

मग कारखान्याने आमच्या जागी नव्या बायका आणल्या. त्यांत माझी धाकटी जाऊ होती. तिच्याबद्दल कलम सातमध्ये. नव्या बायका रुळांपाशी उभ्या राहिल्या आणि दुपारपर्यंत रूळ गार पडू लागले. चादरी ओल्या जायच्या, ओल्याच बाहेर यायच्या. व्यवस्थापक बॉयलरपाशी गेले. यजमान म्हणाले, “वाफ धरत नाही. झडप गेली असावी.” दुसरी झडप आणली. तीही गेली असावी. तिसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकले. पण तोवर इस्पितळांकडे अंथरायला कोरडी चादर उरली नव्हती.

त्या संध्याकाळी मी विचारले, “अहो, मुद्दाम केलंत ना?”

ते म्हणाले, “वाफ धरत नव्हती.”

पुन्हा त्यांना बॉयलरवर कोणी घेतले नाही. शहरातल्या सगळ्या बॉयलरवाल्यांना नाव कळवले गेले होते. उरलेले आयुष्य त्यांनी लोकांचे पंप आणि स्टोव्ह दुरुस्त केले. विचारले की उत्तर तेच. मरेपर्यंत त्यांनी मला ते सांगितले नाही, आणि मी विचारायचे सोडले नाही. आमचा संसार सुखाचा झाला.

कलम ५. युनियनच्या इमारतीतील तसबीर व पुतळा निधी

इस्पितळाच्या मंडळींनी दम भरल्यावर कारखाना नरमला. आम्हाला परत घेतले आणि कोळशाच्या कोठाराशेजारची खोली मुलांना दिली. तिला खिडकी नव्हती, ती भिंतीत पाडून घेतली. एक बाई नेमली. तिचा पगार कारखान्याने द्यायचा, हेही लिहून घेतले. त्यासाठी आणखी तीन वेळा जावे लागले. पुढे इतर कारखान्यांतल्या बायका ती खोली पाहायला येऊ लागल्या, परत जाऊन आपल्या साहेबांना सांगू लागल्या. फार वर्षांनी तसा कायदाही झाला. कायद्याच्या सभेत कोणीतरी आमच्या कारखान्याचा उल्लेख केला आणि नाव चुकीचे घेतले.

करारावर सही अध्यक्षांनी केली. फोटोही निघाला. त्यात अध्यक्ष आहेत, व्यवस्थापक आहेत, मध्ये एक फुलदाणी आहे. आम्ही त्या वेळी आत चादरी घालत होतो. भिजत घोंगडे ठेवणाऱ्याने शेवटी ते स्वतःच्या अंगावर पांघरून घेतले.

आता त्यांचा पुतळा होणार आहे. निधीसाठी दोन तरुण माझ्याकडे आले, फार अदबीने बोलले. त्यांना मी चहा दिला. त्या निधीला माझ्या मालमत्तेतून छदामही देऊ नये. पुतळ्याखाली “स्त्री कामगारांचे कैवारी” असे कोरणार असतील तर माझ्या वारसांनी लेखी हरकत घ्यावी. “पगारवाढ मिळवून दिली” असे कोरावे. ते खरे आहे, आणि तेही काही थोडे काम नव्हे.

कलम ६. डॉक्टरांच्या पत्नींची छत्री

ती त्या माझ्याकडे विसरल्या आणि नंतर वारल्या. मूठ हाडाची आहे, एक काडी मोडलेली. त्यांच्या नातीला द्यावी. आजी उपदेश करायच्या, हे तिला माहीत असेल. आजी हटल्या नाहीत, हेही सांगावे.

कलम ७. मागची लहान खोली

ही खोली माझ्या धाकट्या जावेला तहहयात राहायला देते. ती तिथे राहतेच आहे. दीर गेल्यावर तिला दुसरे कोणी नव्हते, यजमान तिला घेऊन आले.

ती गेटातून आत गेली त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींशी थेट बोललेलो नाही. एका छपराखाली राहून हे जमवायला कसब लागते. ती भिंतीकडे पाहून म्हणते, “कुणाला चहा हवा असेल तर झालाय.” मी खिडकीकडे पाहून म्हणते, “कुणी साखर जास्त घातलीय.” पाळणाघरातली मुले आमचे निरोप नेतात आणि वाटेत बदलतात.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता: “जिने संपात बायकांशी दगा केला, तिलाही माणुसकी म्हणून ही खोली द्यावी.” वकीलबाई तो मला वाचून दाखवत होत्या तेव्हा जाऊ दारात उभी होती. तिच्या हातात दुधाची बाटली होती, कारण मुलांना दूध पाजायचे काम कित्येक वर्षे तीच करते. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “जाऊबाई, असं लिहिणार असाल तर खोली नको मला.”

वकीलबाईंनी कागद खाली ठेवला.

मी म्हटले, “गेली नव्हतीस का तू?”

“गेले होते. पण दगा आपल्या माणसांशी होतो. मी कुठं तुमच्यात होते? फळ्यावर काय लिहिलं होतं आठवतं? ‘आयांची सभा’. मला मूल नव्हतं. त्यावरून घरात टोमणे ऐकत होतेच, तिथंही तेच. तुम्ही आत ठराव करत होतात आणि तुमची पोरं बाहेर ओट्यावर कोण सांभाळत होतं? मी. आत ये, असं एकदा तरी कुणी म्हणालं? कारखान्याचा माणूस आला, त्यानं विचारलं, काम करणार का. मला कुणीतरी काहीतरी विचारलं म्हणून गेले.”

“संप सगळ्यांसाठी होता.”

“मग फळ्यावर तसं लिहायचं.”

एवढे बोलून ती गेली, कारण एक मूल रडत होते.

मी वकीलबाईंना पहिले वाक्य खोडायला सांगितले. “माणुसकी म्हणून” हेही खोडले. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत वर घेतले आहे. ते कोणी काढू नये. गेटाच्या आत जायला नको होते, हे माझे मत कायम आहे. तिचेही मत कायम आहे. संध्याकाळी ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, “साखर बघा.” भिंतीकडे न पाहता म्हणाली. साखर जास्त होती. मी तसे सांगितले.

मंडळाच्या नियमांत “आया” या शब्दाच्या जागी “कामकरी बायका” असा शब्द घालावा, अशी सूचना मी ताईला दिली आहे. ती म्हणाली, तो तर आम्ही केव्हाच घातलाय.

कलम ८. किरकोळ

बँकेत असेल ते पाळणाघराच्या दुधाला द्यावे. माझे कपडे, भांडी, पलंग जे मागतील त्यांना द्यावे. सत्काराच्या शाली पेटीत आहेत. त्यांतल्या जाड असतील त्या मुलांना पांघरायला घ्याव्यात, पातळ असतील त्यांची फडकी करावीत. माझा फोटो खालच्या खोलीत लावू नये. त्या भिंतीवर मुले चित्रे काढतात आणि जागा कमी पडते.

लांबडी माझ्या आधी गेली, त्यामुळे तिला द्यायचे राहिले. तिचे जे देणे होते ते खोलीच्या रूपाने तिच्या मुलीकडे जात आहे. मुलीने ते उपकार समजू नयेत.

कलम ९. अंत्यविधी

थोडक्यात उरकावा. भाषणे नकोत. युनियनने झेंडा आणला तर आणू द्यावा, तोही आमच्या वर्गणीतला आहे. माझ्यामागे रडायचे असेल त्याने वर जाऊन रडावे, खाली मुले झोपलेली असतात.

त्या दिवशी पाळणाघर बंद ठेवू नये. मी मेले म्हणून कोणत्याही बाईला सुट्टी मिळणार नाही. तिला नेहमीच्या वेळेला कामावर हजर व्हायचे असेल आणि तिच्या कडेवर मूल असेल. दार उघडे असावे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी वकीलबाईंवर सोपवते. मजकूर मी सांगितला, त्यांनी तो उतरवून घेतला आणि मला वाचून दाखवला. जिथे त्यांनी माझी भाषा सभ्य केली होती तिथे मी ती पूर्ववत करून घेतली. सर्व कलमे मला समजली, मान्य आहेत, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करत आहे. या दोघांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही. ते ठाऊक असूनही ते जिना चढून आले, याबद्दल त्यांचे आभार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) चपला शिवणारे, गल्लीच्या तोंडाशी दुकान
साक्षीदार दुसऱ्या: (सही) निवृत्त परिचारिका, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: सोळा, महिना अकरावा, वार सोमवार